राखेच्या विटा

मधुकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी साइटवर होतो. आदल्याच रविवारी त्याच्या घरी गेलो होतो, एक गोष्ट सांगून टाकायचीच असं ठरवून. चहा झाला, द्राक्षांच्या भावावर बोललो आणि उठलो... तीन आठवडे झाले, अजून स्वतःचाच राग येतो.

आम्ही बांधकामात भागीदार. तो इंजिनिअर, मी गिऱ्हाईकं सांभाळणारा. गंगापूर रोडकडच्या भाजीच्या मळ्यात तो वाढला. वीटभट्टीसाठी शेजारच्या शेतातली काळी माती कमरेइतकी खरवडून नेलेली त्याने लहानपणी पाहिली होती. तिथं पुन्हा मेथीसुद्धा धड उगवली नाही. म्हणून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पंचवटीत आमची पहिली इमारत उभी राहताना तो हटून बसला, लाल वीट नको. वीजकेंद्रातून निघणारी कोळशाची राख, त्यात चुना आणि सिमेंट, अशा करड्या विटा त्याने आणल्या. छातीइतक्या उंचीवरून वीट टाकून दाखवायचा. टवकाही उडत नसे. माझा जीव मात्र टांगणीला. लोक जिथं अस्थी नदीत सोडायला येतात त्या रामकुंडाच्या गावात राख म्हटलं की लोकांना काय आठवतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी माहितीपत्रकात ‘सिमेंटच्या विटा’ छापून मोकळा झालो. त्याला दाखवलंही नाही.

ताबा द्यायच्या आठवडाभर आधी एका गवंड्याच्या तोंडून बातमी फुटली. बुकिंग केलेले सगळे जिन्यापाशी जमले. भाजीबाजारात बसणाऱ्या यमुनाबाईंनी पत्रक मधुकरच्या हातात ठेवलं. “राखंच्या घरात नातवंडं कशी नेऊ, साहेब? लोक राख घेऊन गंगेवर येतात, अन् तुम्ही ती आमच्या भिंतीत भरली. वर आमाला सांगितलं बी नाय.”

त्याने पत्रक वाचलं. एकदा माझ्याकडे पाहिलं.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “राख कोळशाची आहे, पण सांगायला हवं होतं. ज्यांना नको त्यांनी बुकिंग रद्द करा. मी स्वतः इथं राहायला येतोय.”

दोन कुटुंबं गेली. मधुकर बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन पहिल्या मजल्यावर आला. यमुनाबाई सहा महिने त्या पोरीला अंगणात रांगताना बघत राहिल्या, मग सामान घेऊन आल्या. मला मात्र त्याने पत्रकाबद्दल कधी एका शब्दानं विचारलं नाही. ते न विचारणं शिवीपेक्षा जास्त लागायचं. त्या रविवारी मी त्याचीच माफी मागायला गेलो होतो.

परवा त्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये शोकसभा झाली. यमुनाबाई आता थकल्यात, बसूनच बोलल्या. “लय सरळ मानूस. एकदाच खोटं बोलला आमच्याशी, पन ते आमी कवाच माफ केलं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याची मुलगी खाली बघत ऐकत होती. मी उठलो, माइकपर्यंत गेलो, त्याच्या हुशारीबद्दल चार वाक्यं बोललो आणि जागेवर येऊन बसलो.

माझ्या त्या चार वाक्यांची ही पुरवणी त्या मुलीने यमुनाबाईंना वाचून दाखवावी. ते पत्रक मी लिहिलं होतं. मधुकर त्यांच्याशी एकदाही खोटं बोलला नाही... फक्त ‘चुकलं माझं’ म्हणाला, तेवढं माझ्यासाठी खोटं बोलला.