आई फोटो काढायला लागली

कऱ्हाटीहून आमची गाडी निघाली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. अंगणात शेजारपाजारचे जमले होते. कुणी चिवड्याची पिशवी हातात कोंबत होतं, कुणी पासपोर्ट घेतलास का म्हणून चौथ्यांदा विचारत होतं. आई सगळ्यात शेवटी पुढं आली. सकाळपासून ती ज्वारी पाखडत बसली होती, जसं काही घरातलं कुणी कुठं जाणारच नव्हतं. गाडीच्या काचेवर हात ठेवून म्हणाली, "सुजा, तितं सकाळी उठल्यावर खिडकीतनं पयलं काय दिसतं, त्येवढं सांग मला."

रडली नाही, जपून राहा म्हणाली नाही. मी मात्र पुण्यात सहा वर्षं नर्स म्हणून काम केलेली बाई, मोरगाव मागं पडेपर्यंत रुमालात तोंड खुपसून बसले होते.

त्याला आता नऊ वर्षं झाली. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एका लहानशा गावातल्या हॉस्पिटलात मी काम करते. पहिल्या सकाळी पडदा सारला तर समोर तीन कचऱ्याचे डबे होते. हिरवा, निळा आणि काळा. मागं ओली भिंत, आणि काळ्या डब्यावर बसलेला एक पांढरा समुद्रपक्षी. हे काय सांगायचं, म्हणून मी गप्प राहिले. पहिला ऑफ मिळाला तेव्हा बसनं समुद्राकाठी गेले आणि उंच कड्याचा फोटो धाकट्या भावाला, संदीपला पाठवला. आईकडं तेव्हा स्वतःचा फोन नव्हता.

दुसऱ्या दिवशी आईचा आवाज आला, "ह्ये तुज्या खिडकीतनं दिसतंय व्हय?"

"न्हाय, आई."

"मग? आसलं कॅलेंडरावर बी असतंय. तू कुठं हायस त्यात?"

मग मी डबे पाठवले. पुढचा महिनाभर आमच्या घरी त्या डब्यांची चर्चा चालली. तीन कशाला लागतात? हिरव्यात काय टाकतात? उचलायला बाई येते का माणूस? पाखरू रोज येतं का? मी उत्तरं शोधायला म्हणून बघायला लागले आणि बघता बघता फोटो काढायला लागले. एक जुना कॅमेरा घेतला. ऑफच्या दिवशी समोर येईल त्या बसमध्ये बसायचे आणि नाव नीट वाचताही येत नाही अशा स्टॉपवर उतरायचे. कपडे धुण्याच्या दुकानात मशीनच्या काचेमागं फिरणारे कपडे, चर्चबाहेर एकमेकींची छत्री धरून उभ्या असलेल्या दोघी म्हाताऱ्या, पाठीवर निळा रंग लावलेल्या मेंढ्या. मेंढ्या बघून आई खूश झाली. "आपलं धनगर बी आशीच खूण करत्यात की!"

परक्या गावात तुम्ही पण कधी राहायला गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, पहिली दोन वर्षं आपण तिथं राहत नसतो, नुसते थांबलेले असतो. माझं थांबणं त्या कॅमेऱ्यानं संपवलं. आता बेकरीतली बाई मला नावानं हाक मारते, कारण एकदा मी तिच्या पिठाळ हातांचा फोटो काढू का, असं विचारलं होतं.

चार वर्षांपूर्वी संदीपनं नवा फोन घेतला आणि जुना आईला दिला. आईचा पहिला फोटो म्हणजे अंगठा आणि अर्धी शेळी. दुसरा नुसताच अंगठा. पण माझ्याकडून नऊ-दहा उलट प्रश्न आले की ती पुन्हा जायची आणि पुन्हा काढायची. संदीपच्या बायकोनं, रेश्मानं, तिला फोन आडवा धरायला शिकवला. हळूहळू अंगठा गेला आणि कऱ्हाटी दिसायला लागलं. दारातल्या पाण्याच्या पिंपात पडलेलं आभाळ. विहाराच्या पायरीवर काढून ठेवलेल्या सगळ्या चपला, लहान-मोठ्या, आणि त्यात एकच नवी कोरी. आत बुद्धवंदना चालू असताना आई बाहेर चपला बघत बसली होती.

आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला, पण रान लोकांचंच कसत राहिले. बाबांनी राबून राबून तीन एकर स्वतःचं केलं आणि ते लवकर गेले. तेव्हापासून आई कामाशिवाय कुठं गेल्याचं मला आठवत नाही. लग्न, मयत, दवाखाना, बाजार. आता ही साठीची बाई शेजारच्या कमलमावशीला घेऊन सुप्याला एसटीनं जायला लागली. नरसिंहपूरला गेली, जिथं नीरा भीमेला मिळते. तिथून फोटो आला तो साडी वाळवणाऱ्या दोन बायकांचा. दोघींनी दोन टोकं धरलेली, मधे वाऱ्यानं फुगलेलं जांभळं लुगडं.

"आई, संगम कुठंय?"

"त्यो समद्यांनीच काढला आसंल."

गेल्या दिवाळीनंतर ज्वारीवर पडलेल्या दहिवराचा फोटो काढायला ती पहाटे बांधावर चढली आणि घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातल्यावर संदीपनं फोन कपाटात ठेवून दिला आणि मला कॉल केला.

"ताई, ह्ये येड तूच लावलंस तिला. दवाखान्यात तिच्याजवळ कोण बसलं? मी. तू तिकडनं फोटो बघून छान छान म्हणणार."

त्याचं खरं होतं. तो तिथं होता आणि मी नव्हते. गाव सोडून गेलेल्या आम्हा लोकांचं सगळं बोलणं ह्या एका वाक्यापुढं थिटं पडतं.

त्यानंतर आईशी बोलणं व्हायचं, पण संदीपच्या फोनवर. काय करतेस विचारलं की म्हणायची, "बसलीया." आज काय बघितलंस? "काय बघायचंय रोज रोज." हाड जुळलं, प्लास्टर निघालं, तरी तेच. मी जानेवारीत तीन आठवड्यांची रजा काढली. खरं सांगते, आईला समजावायचं ठरवूनच मी आले होते, की आता बास, वय झालं.

आल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी आई आत पडली होती आणि आम्ही दोघं भावंडं ओट्यावर बसलो होतो. संदीपनं तिचा फोन आणून माझ्या हातात दिला. "तुला पायजेत ते फोटो काढून घे. मग बंदच करून टाकतो."

मी चार्जर लावला आणि एकेक फोटो पुढं सारू लागले. तो शेजारून बघत होता. मला पाठवलेले थोडेच होते, न पाठवलेले ढीगभर. चुलीचा धूर, शेळी, कमलमावशीचे भेगा पडलेले पाय. आणि मधेच एका माणसाची पाठ. मोटारसायकलवर, पाठीला सॅक, समोर बाभळीचं वळण. पुढं सारलं, परत तीच पाठ. कानटोपी घातलेली. मग रेनकोट घातलेली. मग नुसत्या शर्टातली. संदीप बारामतीच्या एमआयडीसीत आहे, फर्स्ट शिफ्टला उजाडता उजाडता निघतो. रोज सकाळी तो वळणाला पोचायच्या आत आईनं त्याचा फोटो काढला होता. काही तर इतके अंधुक की मागचा लाल दिवाच तेवढा दिसत होता.

संदीपनं दोन-तीन फोटो मागं सारून पुन्हा बघितले. मग म्हणाला, "मला वाटायचं मी निघतो तवा ती झोपल्याली आसती."

त्यानं फोन माझ्या हातातून घेतला, काच शर्टाला पुसली आणि आत गेला. मला बाहेर ऐकू येत होतं.

"आई, ह्ये घे. पण बांधावर चढायचं न्हाय."

"बरं."

"आन् कुठं जायचं आसंल तर मला सांग. सुट्टीला मी नेतो."

खाट करकरली. मग आई म्हणाली, "भिगवणला पाखरं आल्यात म्हणं."

मी ओट्यावर एकटीच हसले. समजावणीचं भाषण पोटातच राहिलं.

रविवारी आम्ही तिघं भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर गेलो. होडी दगडूतात्यांची, पासष्टीपुढचा काटक माणूस. रोहित पक्षी लांबवर उभे होते, पाण्यात गुलाबी रेघ मारल्यासारखे. मी मोठी लेन्स लावून धडाधड फोटो घेत सुटले. आईनं दोन काढले आणि मग होडीची कड दोन्ही हातांनी आवळून बसलेल्या संदीपचा एक. "काढू नगंस गं," तो ओरडला आणि तात्यांसकट आम्ही सगळे हसलो.

परत फिरताना आईनं विचारलं, "तात्या, तुमचं गाव कंचं?"

तात्यांनी वल्हं थांबवलं. "ह्येच की. आपल्या खाली. धरण झालं तवा मी ईस वर्साचा हुतो. आमाला वर माळावर हलवलं." त्यांनी पाण्याकडं बोट केलं. "हितं चावडी. तितं पार. आन् त्यो बगळा बसलाय न्हवं, त्याच्या अलीकडं आमचं घर."

आई उठून उभी राहिली. संदीपनं पटकन तिची कंबर धरली. तिनं दुखऱ्या मनगटाखाली डावा हात देऊन फोन सावरला आणि रिकाम्या पाण्याचा फोटो काढला.

"आई, ह्यात काय दिसणार?" संदीप म्हणाला.

"तुला कुठं दावतीया? तात्यांसाठी काढलाय." तिनं फोन तात्यांपुढं धरला.

तात्यांनी ओला हात धोतराला पुसला, फोन घेतला आणि डोळे बारीक करून बघितलं. मला वाटलं, हसतील. ते म्हणाले, "जरा डावीकडं घ्या, बाई. आमचं दार डाव्या अंगाला हुतं."

आईनं डावीकडं घेऊन दुसरा काढला. तात्यांनी तो बघितला, मान हलवली आणि वल्हं पुन्हा हातात घेतलं.

मी आता आयर्लंडात, परत माझ्या गावी आहे. हो, माझ्या गावी, असंच लिहिलं मी, खोडणार नाही. घर म्हणजे काय हे नऊ वर्षं मी स्वतःला विचारत होते, कऱ्हाटी की हे. त्या होडीत बसल्यापासून विचारत नाही. तो पाण्याचा फोटो आईनं मलाही पाठवला. परवा हॉस्पिटलात एका मैत्रिणीनं बघून विचारलं, हे कुठलं तळं? मी म्हटलं, तळं नाही, एकाचं घर आहे, आणि दार कुठं होतं ते तिला बोटानं दाखवलं.