मास्तरला काढ

एकाहत्तर साली मी अड्याळ सोडलं, तेव्हा बा मला एसटीवर पोचवायला आला आणि बस येईपर्यंत माझ्या ट्रंकेवर बसून राहिला. दिवसभर धानाच्या बांधीत राबायचं आणि घरी येऊनही गप्पच बसायचं, हा त्याचा स्वभाव. आई गेल्यावर आम्हा बापलेकांत दिवसाकाठी चार वाक्यं व्हायची, त्यातली दोन बैलांबद्दल. बस आली, ट्रंक टपावर चढली, तेव्हा तो खिडकीशी येऊन म्हणाला, "चिठ्ठी टाकत जाजो."

"तुले वाचता कुठं येते?"

"तुले लिवता येते ना? मंग टाकजो."

भंडारा रोडहून पॅसेंजरनं भिलाईला गेलो आणि कारखान्यात चिकटलो. ड्यूटी, शिफ्ट, क्वार्टर, ओव्हरटाइम हे शब्द तोंडात बसले. वर्षभरात मी स्वप्नसुद्धा हिंदीत पाहू लागलो. गावाकडे राहिलेल्यांना वाटतं, बाहेर गेलेला माणूस सुटला. बाहेर गेलेल्यांना ठाऊक आहे की सुटत काही नाही, फक्त तिकीट वाढतं.

माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक केरळी फिटर राहत होता. त्यानं आपल्या गावी दोन घरं बांधून भाड्यानं दिली होती आणि इथं बसून पत्रांवर सगळा कारभार चालवत होता. मला त्याचा हेवा वाटला. मीही कर्ज काढलं आणि आमच्या मातीच्या घराला लागून तीन पक्क्या खोल्या बांधल्या. खाली सिमेंटची फरशी, वर कवेलूचं छप्पर. भाडं येईल, कर्ज फिटेल, रिटायर झालो की आपणच तिथं राहू, असा माझा हिशोब होता. देखरेखीला बा होताच. हीच माझी पहिली चूक.

बँकेतल्या एका बाबूनं चांगलं भाडं देऊ केलं. बानं त्याला नाही म्हटलं. मी पत्रातून कारण विचारलं, तर उत्तर आलं, "थो सनवारी कुलूप लावून गावाले जाते. कुलूपच ठेवाचं होतं तं घर कायले बांधलं?" दवाखान्याच्या कंपाउंडरलाही नाही. शेवटी खोल्या दिल्या कोणाला, तर मूळच्या करडी गावच्या एका प्राथमिक शाळामास्तरला, बायको आणि तीन पोरांसकट. भाडं निम्म्याहून कमी. करारपत्र नाही, साधी पावती नाही.

त्यानंतर पोस्टानं मला जे जे कळत गेलं, त्यानं माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. मास्तरीणबाईंनी सिमेंटच्या फरशीवर शेणाचा सडा घालून ती सारवली. दर शनिवारी! मी कर्ज काढून जी फरशी घातली, ती कोणाला दिसूच नये याची त्यांनी पुरेपूर काळजी घेतली. बानं तर कमालच केली. नवी खोली कोरडी म्हणून आपली धानाची ढोली, म्हणजे पुरुषभर उंचीची बांबूची कणगी, त्यानं भाडेकरूच्या खोलीत नेऊन उभी केली. मी लिहिलं, भाड्यानं दिलेल्या घरात मालकानं सामान ठेवायचं नसतं. उत्तर आलं, "घर भाड्यानं देल्लं. धान थोडंच देल्लं?"

कारखान्यातले लोक वेगळीच भीती घालू लागले. भाडेकरू बारा वर्षं राहिला की घर त्याचंच होतं, कूळकायद्यात जमिनी गेल्या तशी घरंही जातात, असं जो तो छातीठोकपणे सांगायचा. मी दिवस मोजू लागलो. घर गेलं तर उतारवयात या फाउंड्रीच्या धुरातच मरायचं, एवढं मला स्पष्ट दिसत होतं. मग मी दर महिन्याला निळ्या अंतर्देशीयावर एकच गोष्ट लिहू लागलो. मास्तरला काढ. दिवाळीपर्यंत काढ. रोवणी झाली की काढ. तो लुच्चा आहे, तुझ्या भोळेपणावर चरतो आहे. ही चिठ्ठी त्याच्या हाती लागू देऊ नकोस.

उत्तर येई, "तुही चिठ्ठी पोचली. मास्तर लुच्चा आहे, समजलं. यंदा पाणी बरं आहे." आणि खाली बाचा अंगठा.

सुरुवातीला बाची पत्रं आमचा पोस्टमन लिहायचा, कोंबडीच्या पायांच्या अक्षरात. पुढं अक्षर एकदम सुधारलं, मोत्यासारखं झालं. मला वाटलं, नवा पोस्टमन आला. वर्षानुवर्षं मी एवढंच समजून होतो. मला लोक हुशार समजतात.

त्र्याऐंशी साली मात्र मी वकिलाकडून नोटीस लिहून घेतली, आठ दिवसांची रजा टाकली आणि येतो म्हणून कळवायच्या भानगडीत न पडता अड्याळला गेलो. निघण्याआधी टाकलेलं एक पत्र मात्र वाटेत होतं. भर दुपारी घरी पोचलो तर ओसरीवर बा भिंतीला टेकून बसलेला, डोळे मिटलेले. समोर मास्तर, चष्मा नाकावर, आणि हातात निळा कागद. मास्तर वाचत होता, "...हा मास्तर आपल्या घरात साप होऊन बसला आहे. तुला कळत कसं नाही?"

मला पाहताच तो थांबला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. आला का, म्हणाला, पाण्याच्या गडव्याकडे बोट दाखवलं आणि मास्तरला म्हणाला, "वाचा जी. पुरी वाचा."

"काकाजी, भाऊ सोता आले ना आता."

"भाऊ आले, पन चिठ्ठी राह्यली ना."

मी गडवा हातात धरून उभा राहिलो आणि माझ्या बापाच्या भाडेकरूनं माझ्या शिव्या शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत मला वाचून दाखवल्या. एक शब्द गाळला नाही. ही माझी नववी दिवाळीची मुदत होती, म्हणजे यापूर्वीच्या सगळ्याही त्यानंच वाचल्या असणार, आणि "मास्तर लुच्चा आहे, समजलं" हेही त्यानंच त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून दिलं असणार. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. खिशातली नोटीस काढायला हात गेला नाही.

वाचून झाल्यावर बा म्हणाला, "आता लिवा."

मी समोर दोन हातांच्या अंतरावर उभा! म्हटलं, "बा, मी इथंच आहो. मले सांग ना."

"तू बस चूप. लिवा, मास्तर. चिरंजीवास आशीर्वाद. तू म्हन्तं का घर जाईल. जाईल तं जाऊ दे. थ्या बँकेवाल्याले मी तुही चिठ्ठी वाचाले देल्ली होती. त्यानं बाजारभाव वाचावा तशी वाचली. कंपाउंडरनं अर्धी वाचली आन् म्हने, खुशाल आहे पोरगा. या मास्तरनं वाचली तं मले वाटलं, पोरगा ओसरीवर बसून बोलून राह्यला. म्हनून खोली याले देल्ली. भाड्यासाठी मी खोली कोनालेच देत नोहतो. तू चिठ्ठ्या टाकत जाय. रागाच्या टाकल्या तरी चालते."

मास्तरनं अंगठा घेतला, घडी घातली आणि खाली मान घालून विचारलं, "भाऊ, पत्ता टाकू?"

"टाका," बा म्हणाला. "पेटीत टाका."

मी भिलाईला परतल्यावर चार दिवसांनी ते पत्र आलं. मी ते ड्यूटीवर नेलं आणि दिवसभर खिशात ठेवलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा बाला तक्रारीशिवाय पत्र लिहायला बसलो. पाच ओळींच्या पुढे जाईना. आठ-नऊ वर्षांत मी बापाला अटी आणि मुदती सोडून काही लिहिलंच नव्हतं, आणि तो त्याच डोळे मिटून ऐकत बसला होता. शेवटी शेणाच्या सारवणावरून चार शिव्या घातल्या, तेव्हा कुठं कागद भरला.

शहाऐंशीच्या धानकापणीत बा गेला. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मास्तरनं स्वतः किल्ल्या माझ्या हातात दिल्या. त्याची एकोडीला बदली झाली होती, बाखातर ती त्यानं दोनदा रद्द करून घेतली होती. घर गेलं नाही. बारा वर्षांचा तो कायदा, मास्तरचा लुच्चेपणा, सगळं माझ्या डोक्यातलं. त्याची माफी मागायची होती, पण तोंडून निघालं काय, तर "फरशी आता धुवून घ्यावी लागेल."

आता खोल्यांत नवा भाडेकरू आहे. स्टॅम्पपेपरवर करार केलेला, फरशी लख्ख ठेवणारा. गावी जायचं तर मला आधी कळवावं लागतं, आणि तो मला खुर्ची देतो. घर माझ्या नावावर आहे, पण आपल्या गावी आपलं घर आहे असं म्हणायला आता जीभ अडखळते. दर महिन्याच्या पाच तारखेला त्याची मनीऑर्डर येते. खाली संदेशासाठी जागा असते, ती कोरी असते. मी दर वेळी उलटून पाहतो.

नऊ वर्षं मी अगदी असाच भाडेकरू मागत होतो.