‘दिलगीर’च्या अलीकडे

पेनाचं टोपण दातांनी काढायचं. खुर्ची ओढण्याआधी तिला एक लाथ घालायची. चहाचा पहिला घोट घेऊन शिपाईकाकांना विचारायचं, “हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?” आणि मग तोच चहा तळापर्यंत प्यायचा. लिफ्टमध्ये कोणी “कशा आहात?” म्हणालं, तर “तुम्हाला काय करायचंय?” म्हणायचं. पेनाला टोपण लावल्याशिवाय मात्र जागेवरून उठायचं नाही.

मिक्सर आणि इस्त्र्या बनवणाऱ्या कंपनीत बाई एकतीस वर्षं गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहीत होत्या. जळलेला शर्ट, तडकलेलं भांडं, पहिल्याच दिवशी मान टाकलेली मोटर. रोज तीस पत्रं, प्रत्येक लोण्यासारखं मऊ. आणि ती लिहिणाऱ्या बाईंना अख्खं ऑफिस पाठीमागे ‘करवत’ म्हणायचं.

गेल्या वर्षी त्यांच्या समोर दुसरं टेबल आलं. त्यावर साहित्य घेऊन एम.ए. झालेली एक मुलगी बसली. बाईंनी तिचं नाव विचारलंच नाही. त्या तिला ‘एम.ए.’ म्हणू लागल्या. सहा महिन्यांत रोजची पंधरा पत्रं जमली तर तिची नोकरी पक्की होणार होती, नाहीतर घरी. पहिल्या आठवड्यात दिवसाला तीन होत. ती खिडकीबाहेर बघत बसे.

“काय शोधतेस बाहेर?” बाईंनी विचारलं.

“सुचत नाहीये, बाई.”

“सुचायला तू काय महाकाव्य लिहितेस? त्या माणसाचा शर्ट जळलाय. तुझी पदवी पाठवून दे त्याला. म्हणावं, ही फिरव, ही कधीच तापत नाही.”

एम.ए.चे कान लाल झाले. तिने पॅड ओढलं आणि रागाच्या भरात एका दमात पाच पत्रं लिहिली. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, “तुझं अक्षर बघून गिऱ्हाईक आणखी एक तक्रार करेल.” त्या दिवशी सात झाली. असं रोज. ती बाथरूममध्ये जाऊन रडायची, तोंड धुवायची, परत येऊन लिहायची. बाईंचा तिला मनापासून तिटकारा होता. चौथ्या महिन्यात सोळा पत्रं झाली, तेव्हा तिने एकदाचं विचारलं.

“मी तुमचं काय घोडं मारलंय?”

“काही नाही. लिहायला ऊब लागते,” बाई म्हणाल्या. “ती वरून उतरते असं तुमच्या पुस्तकात असेल. मला भांडूनच मिळते. सकाळचा चहा, लिफ्ट, ही खुर्ची. तीस पत्रांना पुरते. तुझ्यावर थोडी जास्त खर्च करते, उपकार मान.”

“मला वाटलं, मी तुम्हाला आवडत नाही.”

“नाहीच आवडत. त्याचा इथे काय संबंध?”

त्याच दिवशी त्यांनी तिला पत्राचे दोन नियम सांगितले. ‘चूक’ हा शब्द लिहायचा नाही, कंपनीचा वकील ओरडतो. आणि ‘दिलगीर आहोत’ एकदाच, अगदी शेवटी. आधीच माफी मागितली की माणूस पुढचं वाचत नाही.

बाईंच्या टेबलाच्या खालच्या खणात चार पानी पत्र होतं, अकरा वर्षांपूर्वीचं. त्यांच्या थोरल्या बहिणीचं. अक्काचं. आई अक्काकडे अंथरुणाला खिळली होती. अक्काने तीन दिवस रोज फोन केला. बाई रोज म्हणाल्या, “तक्रारी साठल्यात, येते.” चौथ्या दिवशी गेल्या तेव्हा आई नव्हती. अक्काने मग पत्र लिहिलं आणि बोलणं टाकलं. त्यानंतर बाईंनी परक्यांना हजारो उत्तरं लिहिली. हे एक राहिलं.

या सोमवारी भाच्याचा फोन आला. गुरुवारी अक्काच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. “मावशी, आई फोन घेणार नाही म्हणते. भेटायलाही नको म्हणते. पत्राला पत्रच हवं म्हणते. मी बुधवारी पाच वाजता येऊन घेऊन जातो.”

सोमवारी बाई चौघांशी भांडल्या. कागद कोरा. मंगळवारी त्या थेट साहेबांच्या अंगावर गेल्या, दार आपटून परत आल्या, पेन उघडलं. कागद कोराच.

त्यांनी खणातलं पत्र काढून एम.ए.ला वाचायला दिलं. “अक्काचा रागच येत नाहीये,” त्या म्हणाल्या. “तिचं सगळं बरोबर आहे. कसं लिहू आता?”

एम.ए.ला वाटलं, आता उपकार फेडायची पाळी आपली. बुधवारी सकाळपासून तिने एक वाक्य मनात घासूनपुसून लखलखीत केलं. दुपारी बाईंसमोर उभी राहून ते बोलली.

“तुमची आई तीन दिवस दाराकडे बघत होती, आणि तुम्ही इथे कुणाच्या तरी मिक्सरला मलम लावत होतात. उद्या अक्काही गेल्या, तर त्यांच्या मुलाला छापील पत्र पाठवा.”

ती स्फोटाची वाट बघत राहिली.

“चांगलं वाक्य आहे,” बाई म्हणाल्या.

त्यांनी पॅड ओढलं आणि लिहू लागल्या. एम.ए.ला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तीन-चार ओळी झाल्या. मग पेन थांबलं. बाई उठल्या, पर्स घेतली आणि गेल्या. पेन उघडंच राहिलं.

चार वाजले तरी त्या आल्या नाहीत. एम.ए. पळत त्यांच्या घरी गेली. घर मागच्याच गल्लीत. दार साखळीपुरतं उघडलं.

“बाई, पत्र पुरं करायचंय. मला शिव्या घाला, हवं तर दोन द्या ठेवून. पण चला.”

“नाही येत राग,” बाई म्हणाल्या. “तुझाही नाही. खूप ओढून बघितला. जा तू.”

आवाज अगदी मऊ होता. पत्रातल्यासारखा. दार लागलं.

ती परत आली तेव्हा भाचा बाईंच्या टेबलापाशी उभा होता. तिने पॅडवरचा कागद फाडून त्याच्या हातात दिला. त्याने वाचला.

‘अक्कास,
तुझं पत्र मिळालं. उत्तराला फार उशीर झाला. मी वेळेवर आले नाही ही तुझी तक्रार योग्य आहे. चूक माझी आहे. त्याबद्दल मी’

त्याने कागद उलटून पाहिला.

“पुढचं पान?”