एक जूनचा जन्म

डोंबिवलीत ब्लाउज शिवणाऱ्या संचिता म्हसकरचा वाढदिवस कागदोपत्री एक जूनला येतो. खडवलीजवळच्या तिच्या गावात निम्म्या वर्गाचा तोच होता. शाळा जूनमध्ये उघडे, गुरुजी तीच तारीख लिहीत. धाकट्या भावंडांना सांभाळण्यात शाळा राहिली आणि संचिता साडेआठव्या वर्षी पहिलीत बसली. गुरुजींनी वय सहा लावलं. पुढे लग्नही त्याच दाखल्यावर जमलं: नवरा सहदेव सत्त्याऐंशी सालचा, ती अठ्ठ्याऐंशीची.

लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवस गेले. डॉक्टरांनी वर्तकनगरच्या एका जनुकीय समुपदेशन केंद्रात पाठवलं. सोबत सासू, विमलाबाई.

“मुलगा की मुलगी सांगणार नाही म्हणता, मग रक्त कशाला घेता?” त्यांनी विचारलं.

“बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता किती, ते कळतं,” समुपदेशक मैथिली म्हणाली. मग फॉर्मवर बोट ठेवून संचिताला, “एक जून. ही खरी तारीख की शाळेतली?”

“म्हणजे? आमची सून खोटारडी?”

“खरी,” संचिता म्हणाली.

आठवड्याने रिपोर्ट मिळाला. तीनशे वीसात एक, धोका कमी. विमलाबाईंनी तो लगेच पिशवीत टाकला. “सांगत होते ना, उगाच घाबरवतात!”

“आकड्यात आईचं वय धरलेलं असतं,” मैथिली संचिताकडेच पाहत होती. “वय चुकलं तर आकडाही चुकला.”

विमलाबाई उठल्या. संचिता उठली नाही.

“मी पंच्याऐंशीची आहे.”

“सहदेवपेक्षा मोठी?”

“दोन वर्षांनी.”

“महिना?” मैथिलीने पेन उचललं.

“आई म्हणायची, भातकापणी चालू होती.”

“हळवं की गरवं?” विमलाबाईंनी उभ्याउभ्याच विचारलं. “हळवं दसऱ्याला निघतं, गरवं दिवाळीच्या पुढे. नीट सांग.”

“गरवं.”

मैथिलीने नोव्हेंबर लिहिला. नवा आकडा निघाला: एकशे पंचेचाळीसात एक, धोका जास्त. आता पक्की तपासणी करायची की नाही, ते नवराबायकोने मिळून ठरवायचं होतं.

“आणखी काय लपवलंयस?” विमलाबाईंनी जिन्यात विचारलं.

“काही नाही, आई.”

“हे अकरा वर्षांपूर्वीही म्हणाली असतीस.”

मैथिलीने मागूनही त्यांनी जुना रिपोर्ट परत केला नव्हता. तो त्यांनी नव्यासोबत घडी घालून ठेवला.

“सहदेवला आज तू सांग. दोन्ही कागद मी दाखवेन.”