कोहमाऱ्याची मामी आणि माझं बी.एड.

प्रवीणचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. "ताई, आई गेली," एवढंच बोलला... मी फोन ठेवला, समोरच्या पोराचं मणी ओवायचं काम पुरं होऊ दिलं आणि मगच रडले. काम अर्धं टाकून रडणारी माणसं मामीला खपत नसत. या गोष्टीला आता दीडेक महिना होत आला.

शेवंतामामी म्हणजे माझ्या सख्ख्या मामाची बायको, प्रवीणची आई. कोहमाऱ्याच्या चौकात, हायवेला लागून त्यांचा धाबा. मामा गेल्यावर तो तिनं एकटीनं चालवला, आणि मामांपेक्षा बरा चालवला, हे ती स्वतःच सांगायची. जेवणाचे पैसे घेता घेता प्रत्येक ट्रकवाल्याला विचारणार, "गाडीचा हप्ता किती? धंदा भेटते का?" एवढं तोंडावर विचारूनही तिचा राग कुणाला येत नसे.

बी.एस्सी. झाल्यावर मी विशेष मुलांना शिकवायचं बी.एड. करायचं डोक्यात घेतलं. कॉलेज नागपूरला, म्हणजे फी आणि राहणं मिळून बँकेच्या कर्जाशिवाय जमणार नव्हतं. आणि पुढे नोकरी कंत्राटी, मानधनाची. बाबा म्हणाले, साधं बी.एड. गोंदियाला कर, घरून जाऊन-येऊन होईल. कितीदा तरी हिशेब मांडला, दरवेळी बाबाच खरे ठरत. शेवटी जामीन राहतेस का म्हणून मामीकडे गेले.

"पगार किती?" तिनं विचारलं. मी सांगितला. "अरे बाप्पा! इतका तं माहा भांडे घासणारा कमावते!" मी रडकुंडीला आले. मग म्हणाली, "थांब. ट्रक घ्यायच्या आधी माल भेटते का, ते पाहा लागते."

झालं! दुसऱ्या दिवसापासून मामी गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागली, "तुमच्या गावात असं लेकरू आहे का, ज्याले लवकर समजत नाही, बोलता येत नाही?" लोक आधी पाण्याचा ग्लास उचलत. मग पाणी पिऊन झालं की सांगत... पुतण्या आहे, शेजारणीची पोर आहे. कुणी आपल्याच पोराचं सांगून डोळे पुसे. पण विचारता विचारता बातमी अशी पसरली की मामीची भाची अशा मुलांना शिकवते! एका रविवारी चोरखमारा गावाकडची एक बाई आपल्या लहान मुलाला घेऊन थेट धाब्यावर हजर. "मॅडम कुठं आहेत?" मॅडम म्हणजे मी, तिथंच कांदे चिरत बसलेली. प्रवेशाचा अर्जसुद्धा भरला नव्हता. मला वाटलं, आता मामी माफी मागेल. पण कसचं काय! "मॅडम शिकून राहिली. दोन वर्षांनी या. आता जेवून जा."

बाई गेल्यावर मी भडकले. "मामी, काऊन सांगितलं असं? कर्ज कुठं मिळालं अजून?"

"गिऱ्हाईकाले हो म्हटलं, आता माघार नाही. उद्या बँकेत जाऊ. सही माही, हप्ता तुहा. मी एक रुपया देणार नाही."

आणि दिला नाहीच, बरं का! मानधन महिनोन्‌महिने अडकलं तेव्हाही नाही. फक्त रविवारी धाब्यावर राबवून घेतलं आणि मजुरी चोख हातावर ठेवली. चोरखमाऱ्याचा तो मुलगा माझ्याच हाताखाली शिकला. आता आईसोबत बाजारात भाजी विकतो, भावही स्वतःच सांगतो.

"परवडलं का वो?" मामी अधूनमधून विचारायची. "नाही परवडलं," मी म्हणायचे, आणि ते खरंच होतं. साधं बी.एड. केलेली माझी मैत्रीण केव्हाच कायम झाली, तिनं घरही बांधलं. "पण बरं चाललं आहे," मी म्हणायचे. "मंग झालं," म्हणून मामी भाताकडे वळायची.

गेल्या वर्षी मामीला लकवा मारला. उजवा हात गेला आणि बोलणंही. अख्ख्या हायवेला प्रश्न विचारणाऱ्या बाईला पाणी मागता येईना. समजत सगळं होतं. घरचे मात्र ती बहिरी झाल्यासारखे ओरडून बोलत आणि ती चिडून ताट भिरकावी. मग मी शाळेत करते तेच केलं. पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवली: पाणी, चहा, ताट, पैसे, दुखतंय, प्रवीणचा फोटो, माझा फोटो. पहिल्या दिवशी तिनं पुठ्ठा फेकून दिला. मी उचलून परत समोर धरला. फेकलेल्या वस्तू उचलायची मला सवयच आहे. हळूहळू डाव्या हाताचं बोट चालायला लागलं, आणि मग काय, पुठ्ठा पुरेना!

एका दुपारी तिनं पैशांवर बोट ठेवलं, मग माझ्या फोटोवर, आणि भुवया उडवल्या. "परवडलं, मामी," मी म्हटलं. "आता परवडलं." ती अर्ध्या तोंडानं हसली.

पुठ्ठा अजून तिच्या खाटेजवळ खिळ्याला टांगलेला आहे. प्रवीणची बायको तो कुणाला काढू देत नाही. बाकीची चित्रं चांगली आहेत, पण माझा फोटो आणि ताट, या दोहोंचा रंग पार उडालाय. मी आले की तिचं बोट आधी माझ्यावर जायचं, मग ताटावर... तू जेवली का? परवा गेले तेव्हाही आधी तिथंच उभी राहिले.

हो मामी, जेवले.