आवाज जुळत नाही

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता... आजही नाही. सातवीत शाळा सुटली, लिहिण्यात चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी किनवटकडचा. परंदवडीजवळ गुलाबांच्या पॉलीहाऊसवर कामाला आहे. मालकांनी खोली दिली, दोन वेळचं जेवण दिलं – उपकारच. फुलं ठेवायच्या कोल्ड रूमचं कुलूप आवाजाने उघडतं. दाराच्या आत-बाहेर एकेक मोबाईल लावलाय. बसवणारे सर म्हणाले होते, “यातला मेंदू आम्ही नाही बनवत, प्रोग्राम स्वतःच तो बनवतो, आणि रोज सुधारतो. मराठी, हिंदी, तुमची बंजाऱ्यांची गोरमाटी – कशातही बोल, तुला ओळखेल.”

त्या दुपारी गावात लग्न होतं, सगळे लवकर गेले. मी गुलाबांच्या शेवटच्या बादल्या लावायला आत गेलो आणि मागे दार लागलं.

“दार उघड.”

“आवाज जुळत नाही. पुन्हा बोला.”

थंडीने दात वाजत होते. हिंदीत बोललो, गोरमाटीत बोललो, ओरडलो – तेच उत्तर. आतून हाताने उघडायचा दांडा होता, पण त्यावर भरलेल्या बादल्या टांगून टांगून आम्हीच तो तोडलेला. नवा यायचा होता. माझा फोन खोलीवर राहिलेला, आणि आता सकाळपर्यंत कोणी येणार नव्हतं... आईला कोण कळवेल, एवढंच डोक्यात. घसा बसला. तोंडावर हात दाबून खाली बसलो.

“आवाज जुळला.”

खटकन दार उघडलं. बाहेर पॅकिंगवाल्या सुशीलामावशी, डबा विसरला म्हणून परत आलेल्या.

“आरं, पांढराफटक पडलास की! गुलाबासंगं तुलाबी मार्केटला धाडायचं व्हतं का?”

“मावशी, तुम्ही उघडलंत?”

“म्या? म्या तर हातबी न्हाई लावला.”

दुसऱ्या दिवशी सरांनी आतल्या मोबाईलमधलं रेकॉर्डिंग लावलं. माझाच आवाज, गोरमाटीत. पण शांत, न कापणारा – ‘दार उघड, मला घरी जायचंय.’ हे मी म्हणालोच नव्हतो! सर म्हणाले, आवाज नोंदवताना घेतलेल्या जुन्या नमुन्यातलं असेल. सगळे नमुने ऐकले... कुठेच नाही.

तेव्हापासून मोबाईल त्या दुसऱ्या आवाजालाच माझा आवाज मानतो. माझा आवाज पुन्हा नोंदवला, तरी मी बोललो की नकार. आणि दारापाशी गप्प उभा राहिलो की उघडतं. का, ते सरांनाही सांगता येत नाही, मला तर नाहीच. काम सोडावं, तर घर माझ्यावर चालतं.

कोणी का असेना, जीव वाचवला. म्हणून काल दारापुढे हात जोडले आणि म्हणालो, “लय उपकार झाले.”

“आवाज जुळत नाही. पुन्हा बोला.”