शेवटच्या खोलीतला ख्रिसमस

"हात मागे."

दारातून आत पाऊल टाकलं की तिचं पहिलं हेच. वकील असो, प्रोफेसर असो, जग हिंडून आलेलं जोडपं असो, सगळ्यांनी शाळेतल्यासारखे हात पाठीमागे बांधायचे आणि मगच त्या संग्रहालय केलेल्या जुन्या घराच्या दिवाणखान्यात शिरायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, सगळं आपल्या बापाचं असल्यासारखी वागणारी. ही बाई तर तिथे माझ्यासारखीच फुकट राबणारी गाईड होती. फक्त माझ्या बरीच वर्षं आधी आलेली.

मी ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, राहते ओटाहुहूला. जुन्या घरांचं वेड म्हणून सुट्टीच्या दिवशी तिथे जायला लागले आणि हिच्या तावडीत सापडले. या देशात मोठा सर्जनसुद्धा पहिल्या नावाने हाक मारा म्हणतो. हिला मात्र मिसेस लावूनच बोलायचं. घरी येऊन मी तिला 'म्हातारी' म्हणायचे, तेही दातओठ खाऊन.

डिसेंबरात त्या घरात खास टूर असते. ख्रिसमस कसा बदलत गेला, ते एकेका खोलीतून दाखवायचं. पहिल्या खोलीत भर उन्हाळ्यात जाड पडदे, बर्फाची चित्रं असलेली कार्डं आणि पोहुतुकावाची लाल फुलं. पुढच्या खोलीत जुना रेडिओ आणि थंड जेवण. शेवटच्या खोलीत आजचा काळ: पावलोव्हाचा केक, कागदी मुकुट, दाराशी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. खाणं सगळं प्लास्टरचं, रंगवलेलं. मधल्या स्वयंपाकघरात मात्र ही बया खरीखुरी कोळशाची चूल पेटवायची. लोक घामाघूम व्हायचे. तरी कुणीतरी म्हणायचंच, पूर्वीचा ख्रिसमस किती छान होता. ती शांतपणे म्हणायची, "ज्यांना रांधावं लागत नव्हतं, त्यांचा." आणि त्या माणसाला मुद्दाम चुलीजवळ उभं करायची.

माझी आई साताऱ्याहून आली होती, तिला हौसेने घेऊन गेले. आईने सवयीने दारात चपला काढल्या. हिने सगळ्यांदेखत त्या परत घालायला लावल्या. जुन्या लाकडाची कुसळं पायात जातात, म्हणे. सांगायची पद्धत अशी की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई गाडीत बसल्यावर म्हणाली, बाई खमकी आहे हो. तिला ती चक्क आवडली, आता बोला.

खरं वाजलं ते शेवटच्या खोलीवरून. आमच्या वॉर्डात पंचवीस तारखेची ड्यूटी पंजाबची एक, फिजीची एक आणि मी, अशा आम्ही घेतो. ज्यांच्या घरी ख्रिसमस, त्यांनी घरी जावं. बदल्यात त्या आमची दिवाळीची ड्यूटी करतात. हे आता ठरूनच गेलंय. मी गाईडांच्या बैठकीत म्हटलं, ख्रिसमस बदलला तो असाही बदलला की. शेवटच्या खोलीत एक खुर्ची रिकामी ठेवू, तिच्यावर नर्सचा युनिफॉर्म टाकू. बाकीच्यांनी माना डोलावल्या. तिने चष्मा काढून पुसला.

"आपण घरातला ख्रिसमस दाखवतो," ती म्हणाली. "तू घरात नव्हतीस."

कुणीतरी फाडकन मुस्काटात द्यावी तसं वाटलं. इतकी वर्षं या देशात राबून मी अजून दाराबाहेरच! त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

आणि गेल्या ख्रिसमसला ती आमच्याच वॉर्डात येऊन पडली, खुब्याचं हाड मोडून. मुलगा ऑस्ट्रेलियात, भेटायला कोणी नाही. उशी उंच, खिडकी उघडी, नर्स सावकाश, सगळ्याला नावं ठेवून झाली. दुपारी जेवणाचा ट्रे आला, त्यातला कागदी मुकुट तिने उचलून बाजूला टाकला. मग मला विचारलं, तू जेवलीस का. नाही म्हटलं, बघू तीन वाजता.

"घरी तुझ्यासाठी कोणी काढून ठेवलंय?"

मी हसले. माझ्या घरी कोण काढून ठेवणार? डबा आणलाय, म्हटलं. ती चहा गार आहे म्हणून खेकसली.

तिथून ती वृद्धाश्रमात गेली आणि जुलैच्या थंडीत वारली. मला रडूबिडू आलं नाही.

या डिसेंबरात टूर माझ्याकडे आली. सकाळी शेवटच्या खोलीत गेले तर टेबलावर, कागदी मुकुटांच्या मधोमध, एक प्लेट दुसऱ्या प्लेटने झाकून ठेवलेली. खोली मांडणारे निवृत्त मास्तर म्हणाले, तिने वृद्धाश्रमातून फोन करून बजावलं होतं: ही ड्यूटीवरच्या नर्सची, दरवर्षी ठेवायची. मला फोन करायला काय झालं होतं? नंबर होता तिच्याकडे. तोंडावर एक शब्द बोलेल तर शपथ!

वरची प्लेट उचलली. खाली हॅमचे दोन जाडजूड काप, प्लास्टरचेच. मी जन्माची शाकाहारी, आणि हे तिला पक्कं माहीत होतं. चहाच्या वेळी माझ्या डब्यात डोकावून नाक मुरडायची ती काय उगीच?

तेवढ्यात पहिला घोळका आत आला. एका बाईंनी विचारलं, ही झाकलेली प्लेट कोणाची.

"माझी," मी म्हणाले. त्या म्हातारीचा इतका राग आला, की वरची प्लेट मी दाणकन परत झाकली.